मालकांचं उत्तर: ‘शिक्के खोटे निघाले’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार,

माझ्या दुकानातून नेलेल्या जुन्या जर्मन लष्करी बंदुकीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच उत्तर देतो. इथे पेनसिल्व्हेनियात आणि शेजारी न्यू जर्सीत आपली मंडळी बरीच आहेत. त्यांनी तुमची बाजू वाचली, तशी माझीही वाचावी एवढीच इच्छा.

आधी माफी. त्या शनिवारी तुम्हाला काउंटरपाशी ताटकळत बसावं लागलं. बॅकग्राउंड चेकचं, म्हणजे ग्राहकाच्या सरकारी पूर्वतपासणीचं, उत्तर आल्याशिवाय मला बंदूक ग्राहकाच्या हातात देता येत नाही. १८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर केंद्रीय कायद्यानं ती अँटिक ठरते आणि ही तपासणी लागत नाही, पण तुमची १९०८ ची. तरीही गर्दीत तुम्हाला हे नीट सांगितलं गेलं नाही, साधं चहापाणीही विचारलं गेलं नाही. त्याबद्दल मनापासून क्षमस्व.

पण ‘दस्त्यावरचे शिक्के खोटे होते, जरा पुसल्यावर गेले, आणि मालक अर्धीच किंमत परत देतो म्हणाला’ या वाक्यानं रात्रभर झोप लागली नाही. जुन्या लष्करी बंदुका विकणाऱ्याला ‘खोटे शिक्के’ म्हणणं म्हणजे सोनाराला पितळ विकतो म्हणण्यासारखं आहे. या धंद्यात नाव गेलं की मागे काही उरत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही नेलेली बंदूक म्हणजे जर्मन सैन्याची गेवेअर ९८. पाउल माउझरच्या रचनेची, ५ एप्रिल १८९८ ला स्वीकारलेली. तुमची एरफुर्टच्या सरकारी कारखान्यातली. रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या पोलादी भागाच्या, माथ्यावर मुकुट, त्याखाली ‘एरफुर्ट’, त्याखाली १९०८. उजव्या बाजूला ओळीनं मुकुटाखाली गॉथिक अक्षरं, ती तपासनिसांची. गोळी झाडून चाचणी झाल्यावर मारलेला गरुड वेगळा. हे सगळं मी तुम्हाला भिंगाखाली दाखवलं होतं आणि तुम्हीही आवडीनं पाहिलं होतंत. म्हणून जास्त लागलं.

आता दस्त्याचं, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाचं. त्यावर उजव्या अंगाला मुकुटाचे शिक्के होते. ते शाईचे नसतात. पोलादी ठसा अक्रोडाच्या लाकडावर ठेवून ठोकतात, त्यानं लाकडाचे तंतू दाबले जातात आणि खळगा पडतो. शंभर वर्षं हात लागून लागून शिक्क्याची कड आणि भोवतालचं लाकूड बरोबरीनं झिजतं. खोटा शिक्का ओळखायचा तो इथेच: लाकूड गुळगुळीत झिजलेलं आणि शिक्क्याची कड मात्र काल ठोकल्यासारखी धारदार, किंवा शिक्का सँडपेपरच्या ओरखड्यांच्या वर बसलेला. तुमच्या दस्त्यावर यातलं काहीही नव्हतं. मुकुटाचा डावा काठ पुसट होता, कारण त्याच बाजूचं लाकूडही थोडं दबलेलं होतं. विकायच्या आधी मी प्रत्येक शिक्क्याचा तिरप्या उजेडात फोटो काढतो, आणि ते फोटो तुम्हाला बिलाबरोबर ईमेल केलेले आहेत. कृपया एकदा उघडून पाहा.

पाणी किंवा कापड लावून असा शिक्का जात नाही. तो जातो सँडपेपरनं. तुम्ही बंदूक परत घेऊन आलात तेव्हा दस्ता आरशासारखा चमकत होता आणि त्यावर व्हार्निशचा जाड थर होता. तुम्हीच म्हणालात की घरी बैठकीत टांगायची म्हणून ‘जरा साफ करून घेतली’. ती तुमची वस्तू, तुम्ही पैसे मोजलेत, तिचं काय करायचं हा पूर्ण तुमचा अधिकार. पण तुमच्याच हातानं गेलेला शिक्का मी खोटा विकला असं लिहिण्याचा अधिकार मला मान्य नाही.

दस्त्यातला तो छोटा धातूचा बिल्लाही तुम्ही पॉलिशनं घासलात, याचं मला दस्त्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. त्यावर ७६.R.८.११२ असं कोरलेलं होतं. ७६ वी पायदळ रेजिमेंट, म्हणजे हाम्बुर्गची, तिची ८ वी कंपनी, त्या कंपनीतली ११२ क्रमांकाची बंदूक. युद्ध सुरू झाल्यावर या बिल्ल्याच्या जागी भोक असलेलं वॉशर बसवायला लागले, बोल्टमधला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या भागातला, फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी पोलादी सुई) सोडवायला ते उपयोगी पडायचं. म्हणून अक्षरं शाबूत असलेला युद्धाआधीचा बिल्ला पाहिला की माणूस थांबतो. आता ‘८’ दिसतो, पुढचे आकडे बोट फिरवून चाचपावे लागतात.

तुम्ही असंही लिहिलंय की ‘वरचा काळा रंग उडालेली जुनाट बंदूक गळ्यात मारली’. युद्धाआधीच्या गेवेअर ९८ ची नळी काळसर निळी करत, पण रिसीव्हर आणि बोल्ट पांढरेच ठेवत, म्हणजे नुसतं घासलेलं उघडं पोलाद. तो रंग उडालेला नव्हता. तो तिथे कधी नव्हताच. तुम्ही त्यावर बाटलीतलं काळं रसायन लावलंत आणि ‘एरफुर्ट’ची अक्षरं आता त्या डागात बुडाली आहेत.

नंबरांबद्दल थोडक्यात सांगतो. इंटरनेटवर हाच ३८४७ नंबर दुसऱ्या बंदुकीवर दिसला म्हणून तुम्हाला शंका आली. एकेका कारखान्यात दर वर्षी नंबर पुन्हा एकपासून सुरू होत. ९९९९ संपले की पुढे a, मग b, मग c असं अक्षर जोडत. त्यामुळे एरफुर्टची ३८४७ आणि स्पांडाऊच्या दुसऱ्या सरकारी कारखान्यातली ३८४७ अशा दोन अस्सल बंदुका सुखानं नांदू शकतात, आणि तुमचीला खाली c आहे तो पाहा. स्क्रूच्या डोक्यावर फक्त ४७ का, तर छोट्या भागांवर शेवटचे दोनच आकडे मारायची पद्धत होती. नंबर जुळतात असं मी सांगितलं होतं, आणि ते आजही जुळतात.

आणि हे जुळणं किती अवघड आहे तेही सांगतो, कारण किंमत त्यावरच ठरते. पहिलं महायुद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहानं जर्मन सैन्य एक लाखावर आणलं. असंख्य बंदुका नष्ट झाल्या. राहिलेल्या पुन्हा पुन्हा दुरुस्त झाल्या, भाग बदलले गेले, कितीतरींवर मूळ सालाजवळ १९२० चा वेगळा ठसा पडला. जी बंदूक अमेरिकन शिपाई आठवण म्हणून घरी घेऊन आला आणि जी नंतर माळ्यावर पडून राहिली, तीच बहुधा न बदलता वाचली. तुमची तशीच एका घरातून आली होती. त्या घरच्यांना मी योग्य भाव दिला, त्यांना फसवलं नाही, आणि तुम्हालाही फसवलं नाही.

अर्ध्या किमतीचं म्हणाल तर तो आकडा मी रागानं बोललो नव्हतो. घासलेला, व्हार्निश मारलेला दस्ता संग्राहक घेत नाही. घेतलाच तर भिंतीवर लावायची वस्तू म्हणून घेतो. ती मला पुढे विकायची असेल तर जे झालंय ते खरं सांगूनच विकावी लागेल, आणि तेवढाच भाव येईल. त्या दिवशी माझा आवाज चढला होता हे मला माहीत आहे. घरीही बोलणी बसली. पण त्या बिल्ल्याकडे बघून मला राहवलं नाही.

यापुढे प्रत्येक जुन्या बंदुकीबरोबर ‘सँडपेपर, व्हार्निश, पॉलिश लावू नये’ असा कागद देण्याचा विचार आहे, मराठी आणि इंग्रजीतून. शनिवारी गर्दीला आणखी कोणाला मदतीला घेता येतं का तेही पाहतोय.

तुम्हाला मदत करायची अजून तयारी आहे. बंदूक घेऊन या, पण त्याआधी आणखी काही लावू नका. रिसीव्हरवरचं ते काळं हलक्या हातानं उतरवता येतं का ते मी स्वतः बघेन, त्याचे पैसे घेणार नाही. दस्त्याचं आता काही करता येणार नाही, पण बिल्ल्यावरची अक्षरं तिरप्या उजेडात फोटोत तरी पकडता येतील आणि ती नोंद तुमच्याकडे राहील.

रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणत नाही. ताटकळलात, आवाज चढला, ते खरं आहे, राहू द्या. दोन स्टार दिलेत तेही राहू द्या. ‘खोटे’ हा एक शब्द तेवढा बदला, एवढी हात जोडून विनंती आहे.

आपला,
दुकानाचा मालक