‘पिना जुळल्या की बसवा ईएल३४’? जरा थांबा

जुने व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचे) ॲम्प्लिफायर सांभाळणाऱ्या नाशिककरांच्या मोबाइलवर ६व्ही६ आणि ईएल३४ या स्पीकरला ताकद देणाऱ्या दोन व्हॉल्व्हबद्दल सध्या एक निरोप फिरतोय: ‘६व्ही६ची जोडी काढा, त्याच सॉकेटात ईएल३४ बसवा. पिना आठच, हीटर ६.३ व्होल्टचाच. ताकद दुप्पट, धोका शून्य.’ पंचवटीतल्या एका काकांनी तसं केलंही. तासाभरात ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा वास सुटला आणि सेट माझ्या टेबलावर आला.

हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारी तार, ६.३ व्होल्टचा हे खरं, पण करंट कोण बघणार? ६व्ही६ ०.४५ अँपिअर खातो, ईएल३४ दीड. म्हणजे जोडीचा बोजा ०.९ वरून थेट ३ वर. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याने एवढी तार कशाला घातली असेल?

पिना आठच, हेही खरं. पण काचेच्या ६व्ही६ची पहिली पिन रिकामी असते, म्हणून सॉकेटाच्या त्या टोकाचा खुंटीसारखा वापर होतो. ग्रिडचा (सिग्नल जिथे येतो त्या जाळीचा) रेझिस्टर बऱ्याचदा तिथेच टेकवलेला असतो. ईएल३४ मध्ये मात्र पहिल्या पिनेवर सप्रेसर ग्रिड ही वेगळी जाळी येते. ती आठव्या पिनेला, म्हणजे कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला), जोडायची असते. काकांच्या सेटमध्ये तिच्यावर चक्क सिग्नल जात होता! बायसबद्दल, म्हणजे ग्रिडवरच्या स्थिर व्होल्टबद्दल, तर निरोपात चकार शब्द नाही. ग्रिडवर एका व्होल्टचा फरक पडला तर ६व्ही६चा करंट साधारण ४ मिलिअँपिअरने हलतो, ईएल३४चा ११ने. जुना बायस तसाच ठेवून कसं भागेल?

राहिली दुप्पट ताकद. ६व्ही६च्या उत्पादकाच्या तक्त्यात जोडीला २८५ व्होल्ट आणि ८००० ओहम लोडवर १४ वॅट दिलेत. तेवढेच व्होल्ट आणि तोच आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठेवला, तर ईएल३४ही त्याच्या आसपासच घुटमळणार. त्याचे ३५ वॅट मिळतात ते ३७५ व्होल्टच्या सप्लायवर आणि साडेतीन हजार ओहमच्या आसपासच्या लोडवर. म्हणजे सप्लायचा आणि आउटपुटचा, दोन्ही ट्रान्सफॉर्मर नवे. मग जुन्यातलं उरलं काय, डबा?

सिग्नल आधी वाढवणाऱ्या पुढच्या छोट्या व्हॉल्व्हबाबत मी इतका कडक नाही. ईसीसी८३च्या जागी ईसीसी८२ लावा, पिना आणि हीटर तंतोतंत जुळतात, जळत काही नाही. फक्त सिग्नल वाढवण्याचा गुणक १०० वरून २०च्या खाली येतो, आवाज बसतो.

काकांच्या सेटात परत ६व्ही६ घातले. ट्रान्सफॉर्मर वाचला, वास मात्र अजून जात नाही.