पहाटे पाचची बोंब

परत तेच! पहाटे पाचला फोन टिणटिण, डीबीटीच्या (dbt, डेटा तयार करून तपासणारं टूल) चाचणीत ४१२ ओळी फेल. डोळे चोळत बघतोय तर दूध संकलनाच्या टेबलात कुणीतरी फॅटला ३ ते ५ ची मर्यादा घातलेली. अरे भावा, हे कोल्हापूर हाय! इथं म्हशीचं दूध ६-७ फॅटनं येतं, गंगावेशीत लोक धारोष्ण पितात. गाय-म्हैस एकाच नियमात कोंबल्यावर दुसरं काय होणार?

त्याआधी सभासद नंबरावर युनिक (एक नंबर एकदाच यावा ही चाचणी) लावलेलं. माणूस दोन टाइम दूध घालतो की! तारीख, पाळी (सकाळची का संध्याकाळची), जनावर जोडल्याशिवाय ओळ वेगळी ठरणार कशी?

आणि जिथं ओरडायला पाहिजे तिथं डीबीटी गप्प. पाळीला ॲक्सेप्टेड व्हॅल्यूज (ठरलेल्याच किमती चालतील ही चाचणी) लावलं, 'सकाळ' नाहीतर 'संध्याकाळ', बास. पण नल (null, रिकामा रकाना) आलं की खुशाल पास! त्याला नॉट नल वेगळं लावा. त्यात या चाचण्या लिहायची यामल (YAML) फाइल म्हणजे सासूच, एक स्पेस इकडची तिकडं झाली की रुसली.

साहेबांचा तोडगा? "सगळ्या चाचण्यांची सिव्हेरिटी वॉर्न (नुसता इशारा) करून टाक." म्हणजे फेल झालं तरी गाडी पुढं, आणि आम्ही पिवळ्या ओळी बघत चहा प्यायचा. व्हय महाराजा!