समुद्रात चारा कमी, चरणारे जास्त: एका आक्षेपाला उत्तर

सर, जवळ्याच्या बारीक जाळ्यांबद्दलच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. एक, समुद्रात वनस्पतींपेक्षा प्राण्यांचं वजन जास्त असतं हे माझं विधान पाठ्यपुस्तकातल्या पिरॅमिडशी (तळाच्या पायरीवर सगळ्यात जास्त वनस्पती, वरच्या पायऱ्यांवर त्यांना खाणारे कमी-कमी) जुळत नाही. तसं असतं तर समुद्र केव्हाच उपाशी मेला असता, असं तुम्ही म्हणता. आणि दोन, जवळा काढल्याने बोंबलाचं काय अडतं?

पिरॅमिड एकच नसतो. ऊर्जेचा पिरॅमिड कधीच उलटत नाही, तिथे तुमच्याशी वाद नाही. (दर पायरीला १० टक्के ऊर्जा वर जाते ही मात्र ढोबळ सरासरी आहे, परीक्षेत ती नियम होऊन बसते.) मी लिहिलं ते वजनाबद्दल, म्हणजे एका क्षणी पाण्यात असलेल्या साठ्याबद्दल. जमिनीवर हा साठा खोडांत आणि मुळांत वर्षानुवर्षं पडून राहतो. समुद्रातल्या डायटमला, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म शैवालाला, ना खोड ना मूळ. एकच पेशी, पाणी मानवलं की दिवसभरात दुभंगते, आणि जवळपास तितक्याच वेगाने खाल्लीही जाते. खानावळीच्या टोपलीत कधीही पाहा, चारच पोळ्या दिसतील. म्हणून तिथे कोणी जेवलं नाही असं होत नाही.

बार-ऑन, फिलिप्स आणि मायलो यांनी २०१८ साली सजीवांच्या वजनाचा जो हिशेब मांडला, त्यात समुद्रातले उत्पादक, म्हणजे डायटमसारखे स्वतःचं अन्न स्वतः बनवणारे, सुमारे १ अब्ज टन कार्बन भरतात, त्यांच्यावर जगणारे सुमारे ५ अब्ज टन. जमिनीवरच्या वनस्पती ४५० अब्ज टनांच्या घरात. तरीही पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा वाटा समुद्राचाच.

आता जवळा. प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) आणि तळाचा गाळसाळ खाऊन तो वाढतो. बोंबलाच्या पोटात जवळा भरपूर सापडतो, आणि बोंबलाची पिल्लंसुद्धा, कारण हा मासा आपल्याच जातीवर तोंड टाकतो. मग त्याला पिरॅमिडच्या कुठल्या पायरीवर बसवायचं? शिवाय डोलीच्या, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याच्या, बारीक आसात (भोकांत) जवळ्याबरोबर बोंबलाची पिल्लंही येतात. म्हणजे एकाच ओढीत त्याचं अन्नही जातं आणि पुढची पिढीही. जवळा खाऊ नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही, सुका जवळा माझ्याही घरी असतो. माझी तक्रार जाळ्याच्या शेपटाकडच्या आसाबद्दल होती, आणि ती कायम आहे.