मेंटेनन्सचा हिशोब शहरातला वाटतोय

'जुनी गाडी स्वस्तात मिळते, पण मेंटेनन्समध्ये सगळं वसूल होतं' हे जुनी मोटरसायकल घ्यावी की नवी, यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मी जिंतूर तालुक्यातला. 2021 मध्ये 2008 ची हिरो होंडा स्प्लेंडर 22 हजाराला घेतली. आजवर क्लच प्लेटा, चेन-स्पॉकेट अन् दोनदा कार्बोरेटरची सफाई, बस्स. सगळं गावातल्या मिस्त्रीनं लिंबाखाली बसून केलं. मेव्हण्याची नवीकोरी गाडी ऐन पेरणीत शिवारात बंद पडली. मिस्त्रीनं हात जोडले, कारण 2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमातल्या) गाड्यांना कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आहे, बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. मग टेम्पोत घालून परभणीला न्या, दोन दिवस थांबा. तो खर्च कुठं धरलाय? आणि काळ्या मातीचा चिखल मडगार्डात भरला की नवी काय, जुनी काय, काडीनं उकरतच बसावं लागतं. फक्त नवीचा हप्ता चालू असतो तेव्हा जास्त जीव जळतो.

लेखात राहून गेलंय ते कागदाचं. 15 वर्षं झाली की आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची मुदत संपते, पुन्हा पासिंग (आरटीओत तपासणी) करावं लागतं, तेही 5 वर्षांपुरतंच. वर ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर. माझं 2023 मध्ये झालं. त्यात आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच होता. फायनान्सवाल्यांची एनओसी (कर्ज बाकी नसल्याचं पत्र) मिळवायला माझे दोन महिने अन् चपला झिजल्या. इंजिनाचा आवाज नंतर ऐका, आधी आरसी नीट वाचा.