मोडलेलं घर आणि वाया गेलेलं पोर

माझ्या लिखाणावरच्या तुमच्या प्रतिक्रियेतला राग पोचला. घटस्फोटांची मी भलामण करतो, असा तुमचा आरोप. घर मोडलं की पोर वाया जातं, असं तुमचं म्हणणं, आणि पुरावा म्हणून तुम्ही म्हणता, ‘कुठल्याही बालसुधारगृहात जा, निम्मी मुलं मोडलेल्या घरांतली सापडतील.’ सापडतीलही. पण सुधारगृहाच्या दारात उभं राहून मोजलं, तर मोडलेल्या घरांतली जी मुलं तिथे कधी गेलीच नाहीत, ती मोजणार कोण?

त्यासाठी मुलं लहान असतानाच नावं टिपून पुढे वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवावा लागतो. दक्षिण लंडनमध्ये 1961 साली 8-9 वर्षांच्या 411 मुलग्यांचा असा अभ्यास सुरू झाला. आधी डोनाल्ड वेस्ट आणि मग डेव्हिड फॅरिंग्टन या गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी तो चालवला. तुमच्या बाजूचं आधी सांगतो. मोडलेल्या घरांतल्या मुलांत गुन्ह्यांचं प्रमाण जास्त निघालं, यात वाद नाही. पण आईबाप एकत्र असूनही सतत भांडणं चालणाऱ्या घरांत ते जवळपास तेवढंच होतं. आणि घर मोडल्यावर जी मुलं आईपाशी राहिली, ती गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या घरांतल्या मुलांसारखीच निघाली.

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो मृत्यूचा भाग. बाप वारला काय किंवा सोडून गेला काय, घरातली जागा रिकामीच. नुसत्या रिकाम्या जागेने पोरं बिघडत असती, तर दोन्हीकडे सारखंच दिसायला हवं होतं. तसं दिसलं नाही. पालकाच्या मृत्यूपेक्षा बेबनावातून झालेली ताटातूट जास्त नडली. का, याबद्दल माझा अंदाज असा: वारलेल्या बापाविरुद्ध मुलाला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही. ‘बापाला सांग, फीचे पैसे अजून आले नाहीत’ असले निरोप पोचवावे लागत नाहीत. भांडत्या घरातलं पोर आवाज चढले की चपला घालून बाहेर पडतं. रात्री किती वाजता परतलं, कुणाबरोबर होतं, हे विचारायचं भान दोघांपैकी एकालाही नसतं. (बाहेरच्या टोळक्याला मात्र ते बरोबर असतं.)

आता तुमचा उपाय: घटस्फोटाआधी 2 वर्षं सक्तीने एकत्र राहायला लावायचं. कागदावर घर शाबूत राहील, कबूल. पण ती 2 वर्षं मूल संध्याकाळी कुठे काढणार, याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळही नाही. त्यापेक्षा ताबा कुणाकडे, हे लवकर ठरवून टाका, असं मी म्हणेन. यावर तुमचा आक्षेप असेल तर जरूर लिहा.