'शॅल' आणि 'विल' सोडा हो, आधी 'द'चं बघा

इंग्रजी शिकणारे लोक जे प्रश्न विचारतात ना, त्यातले निम्मे ऐकले की मला त्यांचा नाही, त्यांच्या डोक्यात ते ज्यांनी भरवले त्यांचा राग येतो. 'शॅल' कुठे आणि 'विल' कुठे? वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन, म्हणजे 'अ‍ॅट', 'टू' असला शब्द, आलं तर चालतं का? 'हू' की 'हूम'? म्हणजे माणूस 'तू काल कुठे होतास' हे विचारताना बिनधास्त 'व्हेअर यू वेअर येस्टर्डे' म्हणणार, आणि रात्री झोप उडणार ती 'शॅल'मुळे!

बरं हे 'शॅल'चं प्रकरण आलं कुठून ते ऐका. जॉन वॉलिस नावाच्या माणसाने 1653 मधे इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमधे, आणि त्यात हा नियम मांडला की साधा भविष्यकाळ असेल तर 'आय' आणि 'वी'ला 'शॅल', बाकीच्यांना 'विल', आणि वचन किंवा धमकी द्यायची असेल तर बरोबर उलटं. हा माणूस मुळात गणितज्ञ, अनंताचं ते आडव्या आठासारखं चिन्ह यानेच रूढ केलं, त्यामुळे नियम कसा एकदम समीकरणासारखा नीटनेटका. लोक तसं बोलतात का हा प्रश्न वेगळा. आज रोजच्या बोलण्यात 'शॅल' उरलाय तो मुख्यतः 'शॅल वी गो?' असं विचारायला, नाहीतर कायद्याच्या कागदात. संपला विषय.

प्रिपोझिशनचं तर त्याहून भारी. ड्रायडन या इंग्रज कवीने 1672 मधे नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणात वाक्य प्रिपोझिशनवर संपवण्याचा हा दोष काढला. त्याच्या काळी लॅटिन म्हणजे भाषेतला आदर्श, आणि लॅटिनमधे वाक्य असं संपवताच येत नाही. पुढे 1762 मधे रॉबर्ट लाउथ नावाच्या धर्मगुरूने आपल्या व्याकरणात लिहिलं की गंभीर लिखाणात हे टाळलेलं बरं, आणि ज्या वाक्यात तो सांगतो की आपल्या भाषेचा या प्रकाराकडे फार ओढा आहे ते वाक्य स्वतःच 'टू'वर संपतं. मुद्दाम केलं की नकळत झालं यावर लोक अजून भांडतात. मला वाटतं म्हातारा गालातल्या गालात हसत होता. तर 'व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?' खुशाल म्हणा.

आता खरी अडचण. 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' ही आर्टिकल्स. यावर मात्र लोक एकदा विचारतात, कुणीतरी 'पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द' असं सांगून मोकळं होतं, आणि पुढची दहा वर्षं माणूस अंदाजपंचे ठोकत राहतो. तो नियम अर्धवट आहे. खोलीत शिरल्या शिरल्या, आधी दाराचा विषयसुद्धा निघालेला नसताना, कुणीही 'क्लोज द डोअर' असंच म्हणतं. का? कारण कुठलं दार ते ऐकणाऱ्याला कळणारे. एवढंच विचारायचं स्वतःला, की समोरच्याला कुठलं ते कळेल का? कळेल तर 'द', नाही कळणार आणि एकच वस्तू असेल तर 'अ'. याने सगळं सुटत नाही, पण बरंचसं सुटतं. 'गो टू स्कूल' म्हणजे शिकायला जाणं आणि 'गो टू द स्कूल' म्हणजे त्या इमारतीकडे जाणं, हे वेगळं शिकावं लागतं. ब्रिटिश माणूस आजारी पडला की 'इन हॉस्पिटल' असतो आणि अमेरिकन 'इन द हॉस्पिटल', याला काय लॉजिक लावणार?

'अ' आणि 'अ‍ॅन' त्यामानाने सोपं, फक्त स्पेलिंग बघू नका, कान वापरा. 'अ‍ॅन अवर', 'अ युनिव्हर्सिटी', 'अ‍ॅन एक्स-रे'. आणि यात गोंधळलात तर वाईट वाटून घेऊ नका, खुद्द इंग्रजांचा शेकडो वर्षांपूर्वी झालाय. 'एप्रन' हा शब्द मुळात 'नेप्रन' असा होता, 'अ नेप्रन' म्हणता म्हणता तो 'न' आर्टिकलला जाऊन चिकटला आणि झालं 'अ‍ॅन एप्रन'. 'अंपायर'चंही तसंच.

दुसरी खरी अडचण 'आय हॅव सीन हिम येस्टर्डे'. आपण 'मी त्याला काल पाहिलंय' आरामात म्हणतो म्हणून ते तोंडातून निघतंच. इंग्रजीत 'हॅव' लावलं की संपलेली वेळ सांगता येत नाही, 'येस्टर्डे' म्हणायचं असेल तर 'आय सॉ हिम'. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणजे साधारणपणे किल्ली अजून सापडलेली नाही, तिचा परिणाम आत्तापर्यंत पोचलाय. हे एवढं जरी पक्कं झालं ना तरी तुमचं इंग्रजी ऐकणाऱ्याला एकदम वेगळं वाटेल, 'हूम'ने काही वाटणार नाही.

शब्दसंग्रहाचं विचाराल तर 'रोज दहा कठीण शब्द पाठ करा' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मायकेल वेस्ट या इंग्रजीच्या शिक्षकाने 1953 मधे शिकणाऱ्यांसाठी साधारण 2000 शब्दमूळांची (म्हणजे मूळ शब्दांची) यादी काढली, आणि सामान्य मजकुरातले जवळपास 80 टक्के शब्द तेवढ्यातच येतात. उरलेल्यासाठी खूप वाचावं लागतं हे खरंय, कादंबरी किंवा पेपर न अडखळता वाचायचा तर पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाच्या 2006 च्या हिशोबाने 8000 ते 9000 शब्दकुटुंबं (म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक) लागतात. पण लोक पहिले 2000 नीट न वापरता येता थेट भारदस्त शब्दांवर उडी मारतात. 'गेट', 'टेक', 'पुट' यांच्यापुढे 'अप', 'ऑफ', 'ओव्हर' लागलं की काय काय होतं ते आधी बघा की!

आणि 'मेक अ मिस्टेक' का, 'डू अ मिस्टेक' का नाही? 'टॉक अबाउट' चालतं मग 'डिस्कस अबाउट' का नाही? उत्तर एकच, तसंच म्हणतात. हे उत्तर कुणाला आवडत नाही, पण 'मी बोललो' आणि 'मी सांगितलं' यात असा फरक का, हे बाहेरच्या माणसाने विचारलं तर तुम्ही पटकन काय सांगाल? अशा प्रश्नांवर वाद घालण्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी असलेली डिक्शनरी उघडा, अर्थ नका वाचू, खालची उदाहरणं वाचा. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर हा भाषाशास्त्रज्ञ आणि मंडळींनी खरा छापील आणि बोललेला मजकूर कॉम्प्युटरमधे गोळा करून 1987 मधे अशी डिक्शनरी काढली, आणि आता बहुतेक सगळे याच पद्धतीने जातात.

मग काही नियमच नाहीत का, असं कुणीतरी विचारेलच. आहेत ना. आणि इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस 'ही डोंट' म्हणाला तर ती त्याची बोली, तुम्ही म्हणालात तर चूक, हा अन्यायही आहे. म्हणून अर्ज लिहिताना, मुलाखतीत जरा जपून. आणि परीक्षा असेल, पेपर तपासणारा 'शॅल'वालाच असेल, तर 'शॅल' लिहा, मार्क घ्या आणि बाहेर येऊन 'विल' म्हणा.