बसेल त्याचा बेंच

जिममध्ये पहिल्या दिवशी तुम्हाला भिंतीवरची नियमावली दाखवतात. ती वाचायच्या फंदात पडू नका. ज्यांनी ती नीट वाचली ती माणसं मला रोज दिसतात. हातात बाटली, खांद्यावर टॉवेल आणि चेहऱ्यावर ‘यांचं झालं की आपण’ असा भाव. वर्षभरात त्यांचं काही वाढलं असेल तर तो संयम. तुम्हाला दंड वाढवायचे आहेत ना? मग ऐका.

सगळ्यात आधी टॉवेल. टॉवेल घाम पुसायला असतो, ही अफवा नियमावलीवाल्यांनी उठवलेली आहे. टॉवेल हा हद्दीचा दगड आहे. तो बेंचवर टाकला की बेंच तुमचा. मग तुम्ही पाणी प्यायला जा, कपडे बदलायच्या खोलीत जा, नाहीतर दारात उभं राहून अर्धा तास फोनवर बोला. मुरलेला माणूस अर्थातच एका बेंचवर भागवत नाही. तो सुपरसेट करतो. सुपरसेट म्हणजे दोन व्यायाम पाठोपाठ, मध्ये विश्रांती नाही, असं ट्रेनर सांगतात. प्रत्यक्षात बेंचवर टॉवेल, केबलच्या मशीनवर बाटली, लेग प्रेसवर हातमोजे आणि डंबेलच्या जोडीशेजारी चष्म्याचं घर. चार ठिकाणं अडलेली, आणि मालक पाचव्या ठिकाणी कुणाला तरी प्रोटीनबद्दल समजावतोय. कुणी विचारलंच, ‘हे कुणी वापरतंय का?’, तर लांबूनच हात वर करायचा. बोलायचं नाही. ज्याची वहिवाट पक्की असते तो खुलासे देत बसत नाही.

रॅक ही तिथली सगळ्यात मोक्याची मिळकत. स्क्वॉटवाल्यांची, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठका मारणाऱ्यांची, अडचण अशी, की जड रॉड खांद्यावर घ्यायचा तर तो आधीच खांद्याच्या उंचीला टेकवलेला लागतो, आणि खाली बसल्यावर उठता आलं नाही तर रॉड अडवायला आडव्या दांड्या लागतात. हे दोन्ही रॅकमध्येच मिळतं. बायसेप्सचा कर्ल, म्हणजे कोपर दुमडून वजन वर आणणं, मात्र कुठेही उभं राहून करता येतो, जिन्यातसुद्धा. म्हणूनच तो रॅकमध्ये करायचा. रॉड आयता वर असतो, वाकावं लागत नाही, आणि समोर आरसा. त्या आरशात मागे ताटकळलेला स्क्वॉटवाला दिसेल. त्याच्याकडे बघू नका. दंडाकडे बघा.

आता वजनं जागच्या जागी ठेवण्याविषयी. ठेवू नका. रिकामा ऑलिम्पिक रॉडच 20 किलोचा असतो. त्यावर दोन्ही बाजूंना 20-20 च्या तीन-तीन प्लेट तशाच सोडून निघालात, की पाठून येणाऱ्याला 140 किलो दिसतात आणि इथे कोण बहाद्दर येऊन गेला, या विचाराने तो जरा वेळ तिथेच उभा राहतो. त्या प्लेट तुमच्याही आधी कुणीतरी सोडल्या होत्या आणि तुम्ही त्या रॉडला धरून फक्त पोटऱ्या ताणल्या, हे त्याला कळायचं कारण नाही. शिवाय यात नवख्यांचं शिक्षण आहे. नवखा माणूस हमखास एका बाजूच्या तिन्ही प्लेट आधी काढतो. दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत तिकडचे 60 किलो धाडकन खाली येतात आणि रॉडचं मोकळं टोक हवेत भिरकावलं जातं. एक इकडची, एक तिकडची अशा आळीपाळीने प्लेट काढायच्या असतात, हे त्याला पुन्हा कुणी सांगावं लागत नाही. कपाळ शाबूत राहिलं तर.

प्लेट खुंटीवर लावायचीच वेळ आली, म्हणजे मॅनेजर बघत असला, तर क्रम लक्षात ठेवा. आधी 5 किलोची, मग तिच्यावर 25 च्या तीन. 5 किलो कुणाला लागतात? ज्याच्यात सगळ्यात कमी ताकद आहे त्याला. म्हणजे अख्ख्या जिममधल्या सगळ्यात अशक्त माणसाला आपला हलका व्यायाम सुरू करण्याआधी 75 किलो हलवायची संधी मिळते. बिचाऱ्याकडून एरवी कोण एवढं करून घेणार?

डंबेलचं शास्त्र वेगळं. डंबेल जोडीने जन्माला येतात आणि त्यांची ताटातूट करणं आपल्या हातात असतं. 15 चा एक खिडकीपाशी, दुसरा चटयांच्या मागे. मी एकदा एका गृहस्थांना हातात एक डंबेल घेऊन दुसऱ्याच्या शोधात तीन फेऱ्या मारताना पाहिलं. प्रत्येक बाकाखाली वाकत होते, पडद्यामागेसुद्धा बघून आले. शेवटी एका हातात 15 आणि दुसऱ्यात 12.5 असा व्यायाम करून गेले. तेव्हापासून ते किंचित डावीकडे झुकून चालतात असं मला वाटतं, पण तो माझा भ्रम असेल.

आणि सेट संपला की डंबेल खाली ठेवायचा नाही, सोडायचा. खरं तर वरून टाकण्यासाठी वेगळ्या जाड रबरी प्लेट मिळतात. रॉडला त्या लावल्या की दोन्हीकडून सपाट पडतात आणि धक्का पचवतात. डंबेल मात्र कडेवर पडतो, त्याचं डोकं सैल होतं, आणि उसळून तो कुठल्या दिशेला जाईल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. पण आवाज! आवाज झाल्याशिवाय लोक वळून बघत नाहीत, आणि कुणी बघितलंच नाही तर तो सेट धरायचा कसा?

घामाचं काय? घामाबद्दल अपराधी वाटून घेऊ नका, त्याला मोठी परंपरा आहे. प्राचीन ग्रीसच्या व्यायामशाळांत खेळाडू अंगाला तेल चोळून आखाड्यात उतरत आणि नंतर स्ट्रिजिल नावाच्या धातूच्या वाकड्या पट्टीने तेल, घाम आणि धूळ खरवडून काढत. ते खरवडलेलं कुणी टाकून देत नसे, त्याचं औषध होई. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी याने हे खरवड चढ्या भावाने विकलं जात असल्याची नोंद करून ठेवली आहे. आणि तुम्ही बेंचवर आपल्या पाठीचा अख्खा ओला नकाशा फुकट ठेवून जाता. यावर लोक नाक मुरडतात! कोपऱ्यात जंतुनाशकाची फवाऱ्याची बाटली आणि कागदी रुमाल ठेवलेले असतात, ते अशा कृतघ्न लोकांसाठी. गजकर्णाची बुरशी काय किंवा गळवं आणणारे स्टॅफिलोकोकस जंतू काय, दमट गादीवरून, चटईवरून, सामाईक टॉवेलवरून एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात. सगळं वाटून घ्या, वाटून घ्या म्हणून रोज गळा काढणाऱ्यांनी निदान याबद्दल तरी तक्रार करू नये.

ट्रेडमिलचा इतिहास तर तुमच्या बाजूने बोलतो. विल्यम क्यूबिट या इंग्रज इंजिनिअरने 1818 च्या सुमारास तुरुंगांसाठी पायचक्की आणली. एका प्रचंड लाकडी चाकाच्या पायऱ्यांवर कैदी तासन्‌तास चढत राहायचे आणि कधीच वर पोहोचायचे नाहीत. काही तुरुंगांत तर दोन कैद्यांच्या मध्ये फळ्या ठोकलेल्या असत, त्यांनी एकमेकांशी बोलू नये म्हणून. ब्रिटनमध्ये 1898 च्या तुरुंग कायद्याने हा प्रकार मोडीत निघायला लागला. फळ्याही गेल्या. त्यामुळेच आज तुम्ही ट्रेडमिलवर चढून, स्पीकर चालू ठेवून, मावसबहिणीच्या लग्नाचं अख्खं वाटाघाटीपुराण शेजाऱ्याला ऐकवू शकता. शेजारी पळून जाऊ शकत नाही. म्हणजे तो पळतच असतो, पण जागच्या जागी. गर्दीच्या वेळी 20 मिनिटांत उतरा, असली पाटी यंत्रावर असेल तर तिच्यावर टॉवेल टाका. टॉवेल कशासाठी असतो ते वर सांगितलंच आहे.

न मागता सल्ला देणं, दुसऱ्याच्या आणि आरशाच्या मध्ये उभं राहणं, डंबेलच्या घोडीला चिकटूनच व्यायाम करून ती सगळ्यांना बंद करणं, फोटोत चार अनोळखी माणसं घेणं, ही कौशल्यं सरावाने येतात. त्यांवर वेळ घालवत नाही. मुख्य मुद्दा विश्रांतीचा आहे.

समजा तुम्ही बेंच प्रेसचे, म्हणजे बेंचवर उताणं पडून रॉड छातीवरून वर ढकलायचे, पाच सेट मारणार आहात. एका सेटमध्ये आठ वेळा रॉड वर-खाली करायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. जड वजनात मधली विश्रांती मोठी लागते हे खरंच आहे. स्नायूंना झटक्यात ऊर्जा पुरवणारं फॉस्फोक्रिएटिन बऱ्यापैकी भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. हा शब्द पाठ करा. कुणी घड्याळाकडे बघितलं की गंभीर चेहऱ्याने ‘फॉस्फोक्रिएटिन’ म्हणायचं. हिशोबाने पाच सेट आणि मधल्या तीन-तीन मिनिटांच्या चार विश्रांत्या मिळून सगळं काम पंधरा मिनिटांत आटपतं. हे गणित फक्त तुमच्या-माझ्यात राहू द्या, कारण मोबाइल धरून बेंच पाऊण तास ताब्यात राहायला हवा. बेंचवर दोन्ही बाजूंना पाय सोडून, कोपरं गुडघ्यांवर टेकून बसा. ही बैठक फार भारदस्त दिसते. माणूस पुढच्या सेटच्या चिंतनात आहे असं वाटतं. तो क्रिकेटचा स्कोअर बघतोय हे फक्त मागून जाणाऱ्याला दिसतं.

‘अजून किती सेट?’ या प्रश्नाला एकच उत्तर. ‘दोनच.’ पहिल्या सेटनंतरही दोनच, चौथ्यानंतरही दोनच, आणि तुम्ही अजून सुरुवातच केलेली नसेल तरीही दोनच.

हे सगळं मी वर्षानुवर्षं पाळत आलो आहे. फसलो तो एकदाच, आणि तेवढ्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. तुम्ही तरी सावध राहा.

एक मुलगा होता. सतरा-अठराचा, अंगातला टी-शर्ट आणखी एकाला सहज पुरला असता. जिममधला त्याचा पहिलाच आठवडा असावा, कारण येताना तो सगळ्यांना वाट देत येत होता. मी माझ्या बेंचवर चिंतनात होतो. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘काका, अजून किती सेट?’ काका म्हणाला तेही मी सोडून दिलं. म्हटलं, ‘दोनच.’

‘मग तुम्ही दम घेताय तोवर मधे मी एक मारू का? तुमचं वजन परत लावून देतो.’

आता सांगा, याला काय म्हणणार? भांडणाऱ्याशी भांडता येतं. नुसत्या उभ्या राहणाऱ्याकडे दुर्लक्ष करता येतं. जागा मोकळी करून मागणाऱ्याला फॉस्फोक्रिएटिन सांगता येतं. पण हा माझ्या विश्रांतीतच बसायला मागत होता, जी मला जड वजनासाठी अत्यावश्यक आहे असं मीच जगाला सांगत आलो होतो. मी उठलो. उठता उठता मोबाइल खिशात गेला, ही माझी दुसरी चूक.

त्याने दोन्ही बाजूंची एकेक प्लेट उतरवली, आळीपाळीने. आठ वेळा रॉड उचलला, थोडा लटपटत. उठून कागदी रुमालाने बेंच पुसला, माझ्या प्लेट परत चढवल्या, त्या घसरू नयेत म्हणून क्लिपा लावल्या. क्लिपा तर मी स्वतः कधी लावत नाही. मग माझ्या डोक्यामागे उभा राहिला आणि म्हणाला, ‘हां काका, आहे मी मागे.’

आता मागे माणूस उभा असताना, हात रॉडखाली धरून असताना, स्कोअर कसा बघणार? मारला सेट. मग तो, मग मी, मग तो. दर खेपेला तीच शिस्त, प्लेट खाली, प्लेट वर, पुसणं, क्लिप. शेवटच्या सेटला सहाव्यावरच माझे हात थरथरायला लागले, तर हा म्हणतो, ‘मी हात लावलेला नाही हां, तुमचंच जातंय.’ पाच सेट झाले. पाचवा सेट मी कित्येक महिन्यांनी बघत होतो. त्याने सगळ्या प्लेट खुंटीवर लावल्या, 5 ची सर्वांत वर, थँक्यू म्हटलं आणि पुढच्या मशीनपाशी जाऊन दुसऱ्या कुणालातरी तोच प्रश्न विचारला.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सतरा मिनिटं. दोन मिनिटं त्याच्या पुसापुशीत गेली असतील. बेंच रिकामा होता आणि माझ्याकडे त्यावर बसायला कारण उरलं नव्हतं. केबलवरची बाटली, लेग प्रेसवरचे हातमोजे आणि चष्म्याचं घर गोळा केलं, दोन मिनिटं उगीच पाण्यापाशी उभा राहिलो आणि घरी गेलो.

दार उघडत बायको म्हणाली, ‘काय हो, जिम बंद होती का?’